वगळलेल्या दोन ओळी

सोलापूरच्या साखर पेठेत कमलाकर मंगळवेढेकरला जर्मन येतं हे दोन माणसं सोडून सगळ्यांना मान्य होतं. एक त्याची बायको दुर्गा, आणि दुसरा तो स्वतः. बाकी पेठेला खात्रीच होती. जिथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषा सकाळपासून एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या, तिथे एखाद्याला पाचवी येत असेल तर त्यात नवल कसलं? शिवाय ती तपासून पाहणार कोण?

कमलाकर नरसय्या शेठच्या कारखान्यात कारकून होता. पुढच्या अंगाला साड्यांचे आणि चादरींचे माग, मागच्या अंगणात सूत रंगवायचा रंगखाना. मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं आणि विलायती कापडाला पेठेत कुणी शिवत नव्हतं. रंग मात्र डब्यांतून जर्मनीहून येत. जर्मनी म्हणजे काही विलायत नव्हे, असा शोध सगळ्या कारखानदारांनी मिळून एका आठवड्यात लावला होता. डब्यात वापरायच्या रीतीचा इंग्रजी कागद असे. कधी एखाद्या नव्या डब्यात नुसता जर्मन कागदच निघे, आणि मग मुंबईला पत्र टाकून वाट पाहत बसावं लागे. असा एक कागद दोन वर्षांपूर्वी कमलाकरच्या हातात आला आणि त्याच्या मनाने घेतलं की ही भाषा शिकायची. त्यात विद्येची आवड वगैरे काही नव्हती. मुंबईच्या रंगाच्या एजंटांना जर्मन वाचणारे कारकून हवे असतात असं त्याने ऐकलं होतं, आणि जन्मभर सुताच्या लडी मोजत बसणं त्याच्या जिवावर आलं होतं.

गुरू मिळाला तो कुर्डुवाडीला. नारायणराव आगाशे चौदा सालच्या लढाईच्या आधी दोन वर्षं जर्मनीत रसायन शिकून आले होते. आता दम्याने बेजार होऊन मुलाकडे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत. महिन्यातून एका रविवारी कमलाकर गाडीने त्यांच्याकडे जाई आणि मधल्या आठवड्यांत नारायणरावांचं एकेक कार्ड येई. कार्डावर क्षेमकुशल नसे, नुसता हुकूम असे.

पहिलं कार्ड असं होतं: ‘व्याकरण मिटून ठेव. घरातल्या वस्तूंना त्यांची नावं चिकटव आणि नाव घेतल्याशिवाय वस्तूला हात लावू नकोस.’ त्याप्रमाणे दारावर ‘दी ट्यूर’ लागलं, पाटावर, दिव्यावर, मिठाच्या बरणीवर चिठ्ठ्या लागल्या, आणि पाण्याच्या हंड्यावर लावलेलं ‘दास वासर’ दुपारपर्यंत भिजून हंड्यातच पडलं. दुर्गाने ते चमच्याने काढलं आणि म्हणाली, “भाषा प्यायला दिली नाही तोवर बरं.”

दुसरं कार्ड: ‘शब्द एकटा पाठ करू नकोस. तो, ती का ते, हे त्याच्यासकट पाठ कर. इंग्रजाला याचा त्रास होतो. आपल्याला होऊ नये, आपण तो-ती-ते घरातूनच शिकून आलेलो.’ हे खरंच सोपं गेलं, फक्त त्यांचं तो आणि आपलं तो जुळेना. सूर्याला ते लोक ती म्हणतात हे कमलाकरने दुर्गाला सांगितलं, तेव्हा ती भाकरी उलटत म्हणाली, “तिकडे म्हणत असतील. चैत्रात सोलापुरात येऊन म्हणून दाखवा म्हणावं.”

तिसऱ्या कार्डाने मोठ्याने वाचायला सांगितलं, ऐकणाऱ्याला कळो न कळो. म्हणून रोज सकाळी चुलीपाशी बसून तो वाचे आणि दुर्गा न कळता ऐके. कारखान्याला जाता जाता दहा शब्द, येता येता तेच दहा शब्द. वाटेत कुणी भेटलं तर ओठ हलताना पाहून त्याला वाटे हा जप करतोय, आणि तो नमस्कार करून बाजूला होई.

आणि चौथं कार्ड: ‘अडलेल्या शब्दापाशी थांबू नये. त्याला ओलांडून पुढे जावं. खरा कामाचा असेल तर तो पुन्हा तीनदा भेटेल आणि आपली ओळख आपण करून देईल. प्रत्येक शब्दाला कोश उघडणारा माणूस पहिल्या पानावरच म्हातारा होतो.’

हे चौथं कार्ड कमलाकरला सगळ्यांत आवडलं. आळशी माणसाला शास्त्राधार मिळाला की तो किती भराभर प्रगती करतो हे पाहण्यासारखं असतं. तो पानांमागून पानं ओलांडू लागला. चार शब्द कळत, तीन सुटत, आणि गोष्ट कशीबशी हाताला लागे. कारखान्यात डब्यांचे कागदही तो असेच वाचून दाखवी. त्या कागदांत आकडे, पाणी, ऊन, मिनिटं, ढवळा, पिळा एवढंच असे, आणि तेवढं त्याला आता नीट येत होतं. पंतांना तेलुगू वळणाने पंतुलू म्हणणारा नरसय्या चारचौघांत सांगे, “आमचे पंतुलू जर्मन वाचतात.” ते ऐकलं की कमलाकर मान खाली घालून हसे. नाही म्हणत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये माणसाने,” दुर्गा एकदा म्हणाली होती. पण बायकोचं म्हणणं आणि कारखान्याचा भोंगा, दोन्ही रोजचे. सवयीने ऐकू येईनासे होतात.

रंगखान्याच्या एका कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले चार रांजण होते. ते निळीचे. त्यांचा धनी विरुपाक्षप्पा निराळी. निराळ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम, नीळ आंबवायची आणि त्यात सूत बुडवायचं. निळीचा रांजण म्हणजे दुभत्या जनावरासारखा असतो. त्याला चुना लागतो, गूळ लागतो, तरवडाचं बी लागतं, आणि कशाचं प्रमाण कधी वाढवायचं ते कुठल्याही पुस्तकात नाही. विरुपाक्षप्पाला ते जिभेवर कळे. रोज सकाळी झाकण काढायचं, काडी बुडवायची, थेंब जिभेवर घ्यायचा, चार मोजेपर्यंत धरायचा, मग थुंकायचं. चुना जास्त झाला, गूळ कमी पडला, आज सूत टाकू नका, उद्या बघू, असा निकाल तो तिथल्या तिथे द्यायचा आणि तो निकाल कधी फिरला नव्हता. त्या जिभेसाठी पन्नाशीच्या त्या माणसाने तंबाखू खाल्ली नव्हती, पान खाल्लं नव्हतं, सोलापुरात राहून तिखट खाल्लं नव्हतं. बायको रत्नम्मा त्याच्यासाठी वेगळी फिकी आमटी करायची.

त्यामुळे रंगखान्यात एक रीतच पडून गेली होती. काहीही नवं आलं की पहिलं विरुपाक्षप्पाच्या जिभेवर, मग बाकीच्यांनी हात लावायचा. डब्यातल्या रंगांनाही तीच रीत. फक्त कास्टिक घातलेल्या पाण्याला तो जीभ लावत नसे. ते जाळतं हे त्याला ठाऊक होतं.

श्रावणाच्या सुरुवातीला मुंबईच्या एजंटाचा माणूस नमुन्याचा नवा डबा घेऊन आला. लाल रंग, तयार पूड, नुसतं ऊन पाणी घालायचं. सूत कितीही धुतलं तरी उतरणार नाही म्हणे. इंग्रजी कागद अजून छापून आला नव्हता.

“काळजी नाही,” नरसय्या म्हणाला, “आमचे पंतुलू वाचतात.”

एजंटाच्या माणसाने कोटाचं बटण लावत कमलाकरकडे पाहिलं. “अस्सं? आम्हाला मुंबईत असा माणूस मिळत नाही.”

सगळे भोवती उभे राहिले. कमलाकरने कागद हातात घेतला. अकरा ओळी. पहिल्या नऊ त्याने भराभर वाचून दाखवल्या. इतकी पूड, इतकं पाणी, आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बाकीचं पाणी, इतकी मिनिटं. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं इतकं सगळं समजलं. मग एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली बारीक अक्षरांत दोन ओळी. त्यांतले शब्द मालगाडीसारखे लांबलचक, आणि त्यातला एकही डबा ओळखीचा नव्हता. त्याची नजर त्यांच्यावर थांबली. कोश घरी, कोनाड्यात. एजंटाचा माणूस त्याच्या तोंडाकडे पाहत होता. आणि कमलाकरने चौथ्या कार्डाचा आधार घेतला. त्या ओळी ओलांडून त्याने कागदाची घडी केली.

विरुपाक्षप्पाने एका वाटीत पूड घेऊन दाट लगदा कालवला होता. त्याने विचारलं, “पंत, ह्यात कास्टिक हाय का?”

“कास्टिक घालायला सांगितलेलं नाही. पूड आणि पाणी.”

“आनि दुसरं काय लिवलंय का?”

“दुसरं काही नाही,” कमलाकर म्हणाला.

हे म्हणायला त्याला क्षणसुद्धा लागला नाही. पुढे कितीतरी दिवस तो त्या क्षणाला परत परत जाऊन पाही, की आपण जरा अडखळलो होतो का, आवाज हलला होता का. नव्हता. अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला होता.

विरुपाक्षप्पाने काडीवर लगदा घेतला आणि जिभेवर ठेवला. रीतीप्रमाणे तो चार मोजणार होता. तीन मोजले असतील. मग त्याने तोंडावर हात धरला आणि तो खाली बसला. ओरडला नाही. ओरडायला जीभ लागते. कुणी पाणी आणलं, कुणी तूप म्हणालं, त्याच्या हनुवटीवरून लाल ओघळ आला, तो रंगाचा का रक्ताचा हे कुणाला कळेना. टांग्यात घालून त्याला दवाखान्यात नेलं. कमलाकर टांग्याबरोबर चार पावलं गेला आणि मग उभा राहिला. कागद त्याच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी बसला, पण मोठ्याने वाचलं नाही. कोश घेऊन त्या दोन ओळी एकेक शब्द फोडून लावल्या. ‘सावधान. या पुडीत तीव्र कास्टिक आधीच मिसळलेले आहे. हात, डोळे आणि तोंड यांस लागू देऊ नये.’ एवढंच होतं. त्याला पाव तास लागला. पाव तास थांबला असता, किंवा नुसतं म्हणाला असता की खाली दोन ओळी आहेत, त्या मला लागत नाहीत, तर एक माणूस आज घरी फिकी आमटी जेवला असता.  कमलाकरला स्वतःची इतकी किळस आली की समोरची चहाची वाटी त्याने सरकवून दिली.

दुर्गा त्याच्याकडे बघत होती. “त्या कागदात होतं का ते?” तिने विचारलं.

त्याने कोश मिटला. ती उठली आणि मिठाच्या बरणीवरची चिठ्ठी नखाने काढून तिने चुलीत टाकली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात एकाही वस्तूवर नाव राहिलं नाही. 

कारखान्यात मात्र निवाडा झालेला होता. “रसायन तोंडात घालतात काय कुणी?” एजंटाचा माणूस म्हणाला. “अडाणी लोक. पंतांनी नीट वाचून दाखवलं, याला मी साक्षी आहे.” मागावरची माणसंही तेच बोलू लागली. म्हाताऱ्याला जिभेचा गर्व होता, गर्वाचं घर खाली. लाल रंग सुतावर असा चढला की सोलापुरात तशी साडी कुणी पाहिली नव्हती. नरसय्याने पेढे वाटले आणि त्यातला पहिला कमलाकरच्या हातावर ठेवला. तो त्याने खाल्ला. न खाऊन करतो काय? पण खाई त्याला खवखवे, आणि कुणी दारात जोराने हाक मारली की त्याला वाटे, कळलं.

तीन आठवड्यांनी विरुपाक्षप्पा कामावर परतला. जखम भरली होती. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा तो बोले. रोजच्याप्रमाणे झाकण काढायचा, काडी बुडवायचा, जिभेवर धरायचा, थुंकायचा. मग बराच वेळ फेसाकडे बघत बसायचा. वास घ्यायचा. बोटांत चोळून बघायचा. आठ दिवसांत एक रांजण मेला. त्यात चुना इतका झाला होता की सुताची लड हातात तुटली. पंधरा दिवसांनी दुसरा गेला, मग तिसरा. नरसय्या वाईट माणूस नव्हता, पण कारखानदार होता. तो म्हणाला, “अप्पा, आता निळाही डब्यातून येतोय. दसऱ्यापर्यंत राहिलेला रांजण बघा. तोही गेला तर सगळे बुजवून टाकू. तुम्ही सूत वाळत घालायला राहा.” तीस वर्षं निळीचा धनी असलेला माणूस सूत वाळत घालणार, हे ऐकताना विरुपाक्षप्पाने फक्त मान हलवली.

कमलाकरने एका दुपारी त्याला जेवताना पाहिलं. रत्नम्मा डबा घेऊन आली होती. विरुपाक्षप्पाने भाकरीवर शेंगदाण्याची लालभडक चटणी मूठभर घेतली आणि तो खात सुटला. डोळ्यांत पाणी नाही, नाकाला ओल नाही. मग पाण्याचा घोट घेऊन त्याने आणखी मूठभर घेतली. त्याला तिखटाची आवड लागली नव्हती. कुठेतरी काहीतरी लागतं का, हे तो शोधत होता.

“कायबी कळंना त्येनला,” रत्नम्मा कमलाकरला हळूच म्हणाली. “काल साखरंच्या जागी मीठ घातलं च्यात. पिऊन टाकला. आनि शेठजीला सांगू नका म्हनत्यात, की रांजन बघून बघून जमंल. पंत, तुमी लई शिकलेले. कुटल्या पुस्तकात आवशिद लिवलंय का बघा की.”

असं ती म्हणाली. त्याच्याकडे आशेने बघून म्हणाली. तिने त्याच्या तोंडात मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या पत्त्यावर मुंबईहून पत्र आलं. दसऱ्याला रुजू होत असाल तर जागा तुमची, असं एजंटाने लिहिलं होतं. दोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते हातात होतं आणि ते पत्र त्याला खिशात ठेवायलाही नको वाटत होतं. रविवारी तो कुर्डुवाडीला गेला. नारायणराव खाटेवर उशांना टेकून बसले होते. कमलाकरने सगळं सांगितलं, आणि शेवटी, आपण काय म्हणतोय हे कळायच्या आत, त्याच्या तोंडून निघून गेलं, “तुमचाच नियम होता, सर. अडलं तर ओलांडावं.”

नारायणरावांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत बराच वेळ गेला.

“होता,” ते म्हणाले. “शिकताना ओलांडायचं. दुसऱ्याला वाचून दाखवताना नव्हे, हे मी लिहिलं नाही. शहाण्या माणसाला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.” मग त्यांनी विचारलं, “तुला अडलं, हे तुला कळलं होतं ना?”

“हो.”

“मग यात जर्मनचा काही दोष नाही, कमलाकर.”

परतीच्या गाडीत त्याला एकच विचार होता, की उद्या सांगून टाकायचं. पण सांगायचं म्हणजे आधी कुणाला? धैर्य कमी असलं की माणूस सोप्या दारातून आत शिरतो. सोमवारी त्याने नरसय्याला सांगितलं. कागदात धोका लिहिला होता, मला वाचता आला नाही, मी लपवलं. चूक अप्पांची नाही, माझी.

नरसय्याने ऐकून घेतलं. इकडे तिकडे पाहिलं. मग कमलाकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “झालं ते झालं, पंतुलू. रंग तर चांगला लागला. कुणाला बोलू नका. मुंबईला तुम्ही जाताय, तिथे आमचं नाव राहू द्या.”

इतक्या स्वस्तात माफी मिळाली की तिचा काही उपयोग नसतो. ती खिशात घालून कमलाकर कचेरीत जाऊन बसला, आणि सबंध दिवस त्याला रत्नम्माचा चेहरा दिसत राहिला.

मंगळवारी तो भोंग्याच्या आधी आला. विरुपाक्षप्पा उरलेल्या एका रांजणाशी उकिडवा बसला होता. झाकण काढलेलं होतं. रांजणावर फेस होता, पण नेहमीचा तांबूस निळा नव्हता, पांढुरका होता. दसऱ्याला नऊ दिवस होते.

“अप्पा,” कमलाकर म्हणाला, आणि उभ्याने हे सांगता येणार नाही असं वाटून तोही खाली बसला. “त्या कागदात खाली दोन ओळी होत्या. त्यांत कास्टिक लिहिलं होतं. तोंडाला लावू नये असं लिहिलं होतं. मला त्या वाचता येत नव्हत्या. आणि येत नाहीत असं म्हणायची मला लाज वाटली.”

विरुपाक्षप्पाने मान वर केली नाही.

“मी इचारलं व्हतं,” तो म्हणाला.

“हो.”

“दोनदा इचारलं.”

“हो. दोनदा.”

“आनि तुमी न्हाय म्हनलात.”

 विरुपाक्षप्पाने काडी रांजणाच्या काठावर आडवी ठेवली. “तीन पोरींची लग्नं केली मी, पंत. एकाबी लग्नात गरम जिलबी खाल्ली न्हाय. जीब भाजंल म्हनून. गार झाल्यावर खायाचो, येकलाच बसून. पोरी हसायच्या.” तो थांबला. “दोन म्हैनं मी सोताला शिव्या देतोय. म्हाताऱ्या, तुला जिबंचा गर्व नडला. बायकूबी तेच म्हनती. आनि तुमी रोज हितं समूर, राम राम करत व्हता.”

“मला क्षमा करा असं मी म्हणत नाही,” कमलाकर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचीही त्याला लाज वाटत होती. “काय करू ते सांगा.”

“माजी जीब आनून द्या.”

कमलाकरने हात जोडले.

“न्हाय ना आनता येत?” विरुपाक्षप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग होता, जड जिभेतून वाट काढत येणारा. “मंग तुमची द्या. रोज सकाळी. ह्या रांजनाला बायामानसाची जीब चालत न्हाय, आनि ही मागावरची समदी तंबाकू खात्यात. तुमी तंबाकू खात न्हाय, पान खात न्हाय. मी सांगतो काय शोधायचं, तुमी सांगायचं काय लागलं. वरीस-दोन वरसं लागतील शिकाया.”

“मला मुंबईला...” कमलाकरच्या तोंडून अर्धं निघालं आणि तो थांबला.

“जावा की,” विरुपाक्षप्पा म्हणाला. “मी धरून ठेवलंय व्हय? ह्यो रांजन आठ दिसांत मरंल, आनि मी सूत वाळत घालीन.”

अंगणात कुणी नव्हतं. सोवळ्याओवळ्याचा विचार कमलाकरच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि इतर गोष्टींपुढे तो फार लहान दिसला. मुंबईचाही आला. तो इतक्या सहज गेला नाही, पाठीमागे उभा राहिला. कमलाकरने हात पुढे केला. विरुपाक्षप्पाने काडी रांजणात बुडवून त्याच्या हातात दिली.

“जिबंच्या मदोमद ठिवा. चार मोजा. गिळू नका.”

कमलाकरने थेंब जिभेवर घेतला. तुरट, आंबूस, कुजक्या पाल्यासारखं काहीतरी तोंडभर झालं. एक. दोन. कडेला टोचल्यासारखं झालं, तो चुना का? का नुसती भीती? तीन. मागे गोडसर होतं, किंवा नव्हतं. चार. तो थुंकला. विरुपाक्षप्पा त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता, एका हातात चुन्याचं मडकं, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. काय टाकायचं ते हा सांगेल म्हणून.

“बोला. चुना जास्त झालाय का कमी?”

दोनातलं एक म्हणायचं होतं. जास्त म्हटलं असतं तरी अर्धी आशा होती, कमी म्हटलं तरी अर्धी. आणि उत्तर देणं त्याला इतकं सवयीचं झालं होतं की ओठ उघडलेसुद्धा.

“मला कळलं नाही, अप्पा,” तो म्हणाला.

विरुपाक्षप्पाने चुन्याचं मडकं खाली ठेवलं. गुळाचा खडा ठेवला. 

“हेच त्या दिवशी म्हनला असता तर,” तो म्हणाला, आणि काडी पुन्हा रांजणात बुडवून त्याने कमलाकरपुढे धरली.